दोनदा आलेली जयंती, न आलेली जयंती

भिंतीवरचं २०२६ सालचं कॅलेंडर घ्या आणि त्यात पौष शुद्ध द्वितीया शोधा. बारा पानं उलटा, पुन्हा उलटा; सापडायची नाही. १ जानेवारीला पौषाची त्रयोदशी आहे, म्हणजे द्वितीया आदल्याच साली होऊन गेली. आणि ३१ डिसेंबर उजाडला तरी मार्गशीर्ष संपलेला नाही. आता रद्दीत गेलं नसेल तर २०२५चं कॅलेंडर काढा. तिथं पहिल्याच चौकोनात, १ जानेवारीला, पौष शुद्ध द्वितीया बसलेली. आणि शेवटच्या पानावर, २१-२२ डिसेंबरला, ती पुन्हा हजर!

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडमध्ये ही तिथी कुणाला विचारावी लागत नाही, कारण ती नृसिंह सरस्वतींच्या जन्माची. परंपरेनुसार महाराज शके १३००मध्ये कारंज्यात जन्मले आणि त्यांची जयंती तिथीनंच होते. म्हणजे इंग्रजी हिशेबानं २०२५त जयंती दोनदा आली, २०२६त एकदाही नाही, आणि पुढची थेट जानेवारी २०२७त. शकाच्या वहीत मात्र सगळं जागच्या जागी आहे: शके १९४६, १९४७, १९४८, दरसाल एक जयंती.

हा गोंधळ संतांच्याच वाट्याला येतो असं नाही. आजी तिथीला पाटावर बसवून औक्षण करते, नातवंडं तारखेला केक कापतात, आणि दोन्हीकडचं गोड खाऊन झालं की कुणीतरी विचारतंच, "पण खरा वाढदिवस कोणता?" प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. वाढदिवस म्हणजे जन्माच्या वेळी आकाशात जी मांडणी होती, तिच्याकडं परत येणं. तारीख फक्त सूर्याची जागा बघते. तिथी चंद्रालाही पंगतीला बसवते, आणि चंद्र हा वेळ पाळणारा पाहुणा नव्हे.

बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, आणि ऋतुचक्राला लागतात ३६५ आणि वर पाव. दरसाल अकरा दिवसांची तूट. किराणा दुकानातल्या उधारीसारखी ती वहीत चढत जाते. साधारण साडेबत्तीस महिन्यांत महिन्याभराची उधारी साचली की दुकानदार म्हणतो, आता एकरकमी द्या. ती एकरकमी फेड म्हणजे अधिक महिना. २०२३त तो श्रावणात आला होता, २०२६त ज्येष्ठात. उधारी चढत असताना तिथीचा वाढदिवस तारखेच्या मागं मागं सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढं उडी मारतो. अशाच उडीत २०२६ची जयंती कॅलेंडराबाहेर पडली.

पोहरादेवीला याची दुसरी बाजू दिसते. मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथंच. इथली मोठी यात्रा रामनवमीची, म्हणजे तिथीची. पण महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीची (जन्मसाल १७३९), म्हणजे तारखेची. एकाच गावात दोन घड्याळं, आणि भाविकांना त्याचं काही वाटत नाही. २०२५त १५ फेब्रुवारीला माघ वद्य तृतीया होती. २०२६त त्याच तारखेला महाशिवरात्र आली. वर्षाची ती अकराची तूट इथं उघड्या डोळ्यांनी मोजून घ्यावी!

आता तिथीकडं जरा जवळून बघू. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. हिशेब सरळ, पण चंद्राची चाल सरळ नाही. पृथ्वीजवळ असताना तो झपाझप जातो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी जेमतेम वीस तासांत आटोपते, तर एखादी जवळजवळ सत्तावीस तास चालते. ती दिवसाच्या कुठल्याही वेळी सुरू होते. भर दुपारी किंवा रात्री अडीचला. मग दिवसाला नाव कोणत्या तिथीचं द्यायचं? आपल्या पूर्वजांनी शाळेतल्या गुरुजींची युक्ती वापरली: हजेरी. सूर्योदयाला जी तिथी वर्गात हजर, तिचं नाव दिवसाला. हजेरीनंतर आत आली आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीआधी निघून गेली, ती क्षयतिथी, पटावर गैरहजर. दोन हजेऱ्यांना बसून राहिली ती वृद्धितिथी. क्षयतिथी बिचारी शाळेत येऊन गेलेली असते, नुसती खूण पडलेली नसते. म्हणून "यंदा माझी तिथीच नाही" असं कुणी म्हणालं तर समजूत घालावी: आहे, फक्त सूर्योदयाला भेटली नाही.

पण सूर्योदय कुठला? वाशिमचा की उज्जैनचा? इथं मला थांबायलाच हवं, कारण या प्रश्नाच्या उत्तरात प्रत्यक्ष वाशिमचं नाव आहे.

आकाशाचं गणित करायला एक मूळ रेखावृत्त लागतं. आपल्याकडं ते लंकेहून निघून उज्जयिनीवरून मेरूकडं जाणारं मानलं होतं. ही लंका विषुववृत्तावर कल्पिलेली आणि मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. दोन्ही टोकं गणिताची, मधली गावं खरी. सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्यांनी वयाच्या सत्तरीला टेकल्यावर, शके ११०५च्या सुमारास, 'करणकुतूहल' हा पंचांगकर्त्यांच्या हाताशी राहील असा छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्यात या मध्यरेषेवरची ठिकाणं दिली आहेत: कांची, पर्यली (म्हणजे बहुधा आपली परळी), वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र वगैरे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाशिममधल्या मध्यमेश्वराच्या देवळाचं नातं गावकरी याच मध्यरेषेशी जोडतात.

म्हणून लगेच वाशिमला 'भारताचं ग्रीनिच' म्हणायचा मोह आवरावा. आजच्या मोजणीनं उज्जैन सुमारे ७५.८ पूर्व रेखांशावर आहे, वाशिम ७७.१वर. दोघांत सव्वा अंशाहून थोडं जास्त अंतर; वेळेत साडेपाच मिनिटं. रेषा काही सुतासारखी सरळ नव्हती. पण त्या काळचं घड्याळ आठवा: पाण्यावर तरंगणारं, बुडाला भोक पाडलेलं घटिकापात्र. ते बुडालं की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. वाशिमची चूक पाव घटिकेहूनही कमी. टोपोशीट नाही, तार नाही, दोन गावांतला वेळेचा फरक काढायचा तर ग्रहण दोन्हीकडं किती घटिकांना लागलं हे ताडून बघायचं. अशा जमान्यात ही चूक मला तरी कौतुकाची वाटते. गंमत पुढंच आहे. आजच्या राष्ट्रीय पंचांगाचं मध्यवर्ती ठिकाण ८२.५ पूर्व रेखांशावर, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेवर, मानलेलं आहे. अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचाच! मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीनं रेखांश नवा घेतला आणि अक्षांश जुना ठेवला. आपल्या घरातही बहुतेक असंच होतं: केक नवा, निरांजन जुनं.

आणि ज्या भास्कराचार्यांनी साऱ्या आकाशाचा हिशेब मांडला, त्यांनी स्वतःच्या जन्माचं काय लिहून ठेवलं? फक्त साल: शके १०३६. ना महिना, ना तिथी.

तारखेचा पक्ष घेणाऱ्यांनी मात्र फार हसू नये. तारखेचंही पाणी वाटतं तितकं नितळ नाही. शिवजन्माचीच गोष्ट घ्या. टिळकांनी १९१६त प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी आहे. तिची तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही ज्युलियन तारीख. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. कल्पना करा, त्या दिवशी सुरतेच्या इंग्रज वखारीतला कारकून आणि गोव्यातला पोर्तुगीज कारकून दोघं रोजनिशी लिहायला बसलेत. पोर्तुगिजांनी नवी पद्धत केव्हाच स्वीकारलेली, म्हणून गोव्यात १ मार्च १६३०. इंग्लंडनं ती स्वीकारली १७५२त, म्हणून सुरतेत १९ फेब्रुवारी. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे सुरतकर लिहिणार १६२९! एकच सूर्य, एकच दिवस, आणि दोन वह्यांत दोन महिने, दोन सालं. तिथीवाले आणि तारीखवाले दरवर्षी भांडतात, पण सूर्याला विचाराल तर म्हणेल, माझ्या हिशेबानं मार्च उजाडू द्या.

तिसरा वाढदिवस तर अस्सल आपल्या मातीतला: १ जून. शाळेत नाव घालताना बाप सांगायचा, "पोरगं पेरणीच्या दिवसांत झालं," किंवा "त्या साली पूर आला होता." गुरुजी दाखलखारिजात शाळेच्या सोयीची तारीख टाकून मोकळे. म्हणून साठीपुढच्या मंडळींच्या कागदपत्रांत १ जूनची अशी गर्दी दिसते, की त्या दिवशी अर्धं गाव जन्मलं असावं. या तारखेमागं सूर्य नाही, चंद्र नाही. फक्त टाक आणि दौत. निवृत्ती मात्र तिच्याच हिशेबानं झाली.

तिथीवरून तारीख काढता येते हे आपण आता गृहीत धरतो. मोबाइलवर बोट टेकवलं की झालं. हे गणित इतिहासकारांच्या हाती देणाऱ्यांत एक नाव शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं, आणि ते पुसट होत चाललंय याचं मला वाईट वाटतं. दापोलीजवळच्या मुरुडचा, १८५३चा जन्म, पेशा शिक्षकाचा. अभिलेखतज्ज्ञ फ्लीटनं गुप्त राजांचे शिलालेख छापले तेव्हा कालगणनेचं किचकट काम दीक्षितांनी केलं. रॉबर्ट स्यूएलबरोबर त्यांचा 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ १८९६त निघाला. त्यातल्या कोष्टकांनी ताम्रपटांवरच्या तिथींना तारखा मिळवून दिल्या. त्याच साली त्यांचा मराठीतला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ आला. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीही पुरी न होता, ते गेले. पुढं संदर्भ देताना पुष्कळदा स्यूएलचं नाव आधी घेतलं गेलं आणि शाळामास्तर मागं राहिले. तिथीनं वाढदिवस करा की तारखेनं. दोन्हींच्या मधला पूल ओलांडताना ते बांधकाम कुणाचं, एवढं आठवावं.

राहिला मूळ प्रश्न. सूर्य आणि चंद्र दोघंही जन्माच्या वेळच्या जागी एकदम परत येतात का? येतात, आणि त्याला लागतात एकोणीस वर्षं. १९ सौरवर्षं म्हणजे ६९३९.६ दिवस; २३५ चांद्रमास म्हणजे ६९३९.७. फरक जेमतेम दोन तासांचा! उधारी आणि फेड इथं जवळजवळ पुरी जुळते. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. पटत नसेल तर आठवा: २९ मार्च १९८७, २९ मार्च २००६, २९ मार्च २०२५. तिन्ही दिवशी सूर्यग्रहण होतं, पृथ्वीवर कुठं ना कुठं, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला, गुढीपाडवा. चंद्र थोडा लहरी म्हणून एखाद्या दिवसाची ढील मात्र ठेवावी लागते. अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला जन्मला, तेव्हा आषाढ शुद्ध सप्तमी होती. एकोणिसाव्या वाढदिवसाला, १ जुलै २०१७ला, अष्टमी निघाली. एवढं चंद्राला माफ.

आपण पहिला वाढदिवस करतो, साठी करतो, पंचाहत्तरी करतो. सहस्रचंद्रदर्शनही करतो, आणि तो सोहळा तर निव्वळ चांद्र हिशेबाचा. हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. पण एकोणिसाव्याला काहीच नाही. पोरं तेव्हा शिकायला बाहेरगावी असतात, मेसचा डबा खाऊन झोपतात.

१ जानेवारी २०२५ला कारंज्यात एखादं बाळ जन्मलं असेल, तर तिथीनं त्याचा पहिला वाढदिवस तारखेच्या दहा दिवस आधीच येऊन गेला. २०२६त तिथीचा वाढदिवसच नाही. पुढचा जानेवारी २०२७त, तारखेच्या आठवडाभरानंतर. असं मागं-पुढं करत ते मोठं होईल, आणि २०४४ उजाडताना तिथी आणि तारीख, एखाद्या दिवसाच्या फरकानं, त्याच्या दारात एकत्र उभ्या राहतील. तेव्हा आजी असेल तर तिनं निरांजन लावावं आणि मित्रांनी त्याच ताटात केक ठेवावा. त्या दिवशी कुणी "खरा कोणता?" विचारलं, तर त्याला गच्चीवर न्यावं आणि संध्याकाळच्या पश्चिमेला टेकलेली चंद्राची बारीक कोर दाखवावी.