विश्लेषण : अनारकली खरेच भिंतीत चिणली गेली? ‘मुघल-ए-आझम’ने शेवट का बदलला?

अकबराच्या हुकमावरून अनारकलीला जिवंत भिंतीत चिणले, ही गोष्ट अनेकांना इतिहास म्हणूनच ठाऊक असते. पण ही गोष्ट ज्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली, त्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये अनारकली मरतच नाही. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात झळकलेल्या या चित्रपटाने शेवट का बदलला?

इतिहास काय सांगतो?

अबुल फजलच्या ‘अकबरनामा’त अनारकली नाही. सलीम म्हणजेच पुढचा बादशहा जहांगीर. त्याच्या आत्मचरित्रातही तिचे नाव नाही. सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आहे ती १६११ मध्ये लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याची. त्याच्या कानावर आलेल्या कथेत भिंतीत चिणलेली स्त्री नर्तकी नव्हती, तर अकबराचीच एक पत्नी होती. अनारकलीची म्हणून ओळखली जाणारी कबर लाहोरमध्ये आजही आहे. मात्र तिथे नेमके कोण विसावले आहे, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

मग नर्तकी कुठून आली?

आज सर्वांना माहीत असलेली कथा रुळली ती इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ मधील उर्दू नाटकामुळे. मूकपटांच्या काळातच ती पडद्यावर आली. १९५३ च्या ‘अनारकली’ला संगीत दिले ते नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी. बीना राय यांची ती अनारकली मात्र भिंतीआड जाते.

१९६० मध्ये काय बदलले?

के. आसिफ यांच्या चित्रपटात अकबर झाले पृथ्वीराज कपूर, तर जोधाबाई झाल्या दुर्गा खोटे. सलीमच्या जन्माची वार्ता आणणाऱ्या दासीला अकबर अंगठी देतो आणि एक मागणे पूर्ण करण्याचे वचनही. तीच दासी अनारकलीची आई निघते. अखेरीस ती वचनाची आठवण करून देते आणि अकबर मायलेकींना भुयारातून गुपचूप राज्याबाहेर जाऊ देतो. सलीमला मात्र अनारकली मेली असेच वाटत राहते.

या चित्रपटाचा निवेदक आहे खुद्द ‘हिंदुस्थान’. फाळणीला जेमतेम १३ वर्षे झाली होती. सर्वांना सामावून घेणारा, न्यायी बादशहा म्हणून ज्याला उभे केले, त्याच्या हातून एका निरपराध मुलीचा जीव घेतला जाणे या मांडणीत बसणारे नव्हते. शेवट बदलल्याने अनारकली वाचली. पण त्याहून जास्त वाचला तो अकबर.

इतरत्र असे झाले आहे का?

ट्रिस्टन आणि इसोल्द ही युरोपची मध्ययुगीन प्रेमकथा. मामा, त्याची तरुण पत्नी आणि भाचा यांच्यातील हा पेच. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये, त्यावर ‘चिरंतन पुनरागमन’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक झाँ दलानुआ, लेखक झाँ कोक्तो. कोक्तो यांनी पात्रांची नावे बदलली, त्यांना आधुनिक कपडे चढवले, मोटारी आणल्या. दोघांचा मृत्यू मात्र कायम ठेवला. आसिफ यांनी नेमके उलटे केले : काळ, दरबार, पोशाख जुनेच ठेवले आणि मृत्यू काढून टाकला.

हे लक्षात का ठेवायचे?

दंतकथा बदलते, तो तिचा स्वभावच आहे. फिंचच्या कथेतील राणी नाटकात नर्तकी झाली आणि १९६० मध्ये भुयारातून निसटली. अडचण होते ती तिला इतिहास समजून कुणाला दोषी ठरवले जाते तेव्हा. अनारकलीच्या नावाने एखादा ‘खरा इतिहास’ मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारावे : ही गोष्ट कोणत्या काळातली, आणि सांगणाऱ्याला कुणाला वाचवायचे आहे?