रदीफ तोच, शेर नवा

पिंपरीच्या ज्या कारखान्याला जुनी माणसे अजून 'टेल्को'च म्हणतात, तिथून १९९१ साली 'टाटा सिएरा' बाहेर पडली. दारे तीनच, इंजिन दोन लिटरचे डिझेल आणि मागे थेट छतात वळलेल्या, न उघडणाऱ्या काचा. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून शिरायचे. तरीही ती रस्त्याने गेली, की माना वळत. २००३ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी टेल्कोचेही नाव 'टाटा मोटर्स' झाले.

२०२०च्या ऑटो एक्स्पोत तिचे नवे रूप दिसले आणि शौकीन वाट पाहू लागले. पाच वर्षांनी, २५ नोव्हेंबर २०२५ला, नवी सिएरा आली. दारे पाच, वळत्या काचेचा मात्र केवळ भास, तो काळ्या रंगाने साधलेला. ‘ही ती नव्हे’, ही जुन्यांची कुरकुर मला समजते.

पण आम्ही गझल लिहिणारे रदीफ जाणतो. प्रत्येक शेराच्या शेवटी शब्द तोच येतो, अर्थ मात्र नवा हवा. नाहीतर शेर पडतो. कारखान्याला आजच्या कुटुंबासाठी गाडी विकायची आहे, आपल्या तरुणपणासाठी नव्हे.

जुनी सिएरा वाचेल ती पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून तिला चालती ठेवणाऱ्या मालकांमुळे आणि तिचे इंजिन कानाने ओळखणाऱ्या मेकॅनिकमुळे. कारखाना नाव परत आणू शकतो. तो कान आपल्यालाच जपावा लागेल.