वेदनाशमन आणि स्मृतिक्षय : मेंदूतील दोन ग्राहींचे युग्म

गांजाच्या अंगी वेदना शमविण्याचा गुण आहे; त्याचबरोबर स्मृती क्षीण करण्याचा दोषही आहे. हे दोन परिणाम परस्परांपासून अविभाज्य आहेत काय? तसे असेल, तर दीर्घकाळ वेदना भोगणाऱ्या रुग्णास आरामासाठी स्मरणशक्तीचे मोल द्यावे लागेल.

गांजातील प्रमुख मादक द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी. त्याची रचना १९६४ मध्ये निश्चित झाली. मज्जापेशींच्या आवरणात रासायनिक संदेश स्वीकारणारी जी प्रथिने असतात त्यांना ग्राही म्हणतात. टीएचसी त्यांपैकी सीबी-१ या ग्राहीवर कार्य करते. हा ग्राही अर्थातच गांजासाठी निर्माण झालेला नाही. त्यावर कार्य करणारे शरीरातीलच एक द्रव्य १९९२ मध्ये सापडले आणि ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्यास आनंदामाइड हे नाव मिळाले. सिरोटोनिनचा ५-एचटी-२ए हा ग्राही याहून निराळा. तथापि मेंदूच्या काही भागांत हे दोन ग्राही एकमेकांस जोडले जाऊन त्यांचे युग्म बनते. अशा युग्मात प्रत्येकाचा स्वभाव पालटतो : एकटा असता पेशीस उत्तेजित करणारा सिरोटोनिन-ग्राही युग्मात निरोधक मार्गाने संदेश देऊ लागतो, आणि एका ग्राहीस रोधले असता दुसऱ्याचेही कार्य थांबते.

या युग्माचे महत्त्व २०१५ मध्ये बार्सिलोना येथील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातील व अन्य संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. ज्या उंदरांत ५-एचटी-२ए ग्राही जन्मतःच नव्हता, त्यांना टीएचसी दिल्यावर वेदनाशमन पूर्ववत झाले, शरीराचे तापमानही उतरले; परंतु परिचित वस्तू ओळखण्याची त्यांची स्मृती ढळली नाही. पुढे सामान्य उंदरांच्या मेंदूत, सीबी-१च्या आवरण भेदून जाणाऱ्या सात पट्ट्यांपैकी पाचव्या व सहाव्या पट्टीची नक्कल करणारे पेप्टाइड सोडून युग्म विलग करण्यात आले. तेव्हाही स्मृती टिकली आणि वेदनाशमन कायम राहिले. सारांश, वेदनाशमनास सीबी-१ पुरेसा असतो. या स्मृतिक्षयास मात्र युग्म लागते.

मग सिरोटोनिन-ग्राहीच रोधून टाकावा, असे सहज सुचेल. हा मार्ग निर्धोक का नव्हे, याचे एक कारण मुंबईतील संशोधनात सापडते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य, उल्लास कोल्थुर-सीताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असे दाखविले की, सिरोटोनिन याच ग्राहीमार्फत मेंदूच्या बाह्यकातील मज्जापेशींत मायटोकाँड्रियांची निर्मिती वाढविते व पेशींची ऊर्जाक्षमता उंचावते. एकट्या ग्राहीकडे असे उपयुक्त कार्य असता त्यास सरसकट रोधण्यापेक्षा केवळ युग्म विलग करणे अधिक युक्त होय. २०२१ मध्ये तोंडावाटे देता येईल असे पेप्टाइड तयार करण्यात आले व उंदरांत त्याचा इष्ट परिणामही दिसला.

मानवाविषयीचा पुरावा अद्याप अप्रत्यक्ष आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गांजा सेवन करणाऱ्यांच्या नाकातील गंधपेशींत हे युग्म अधिक प्रमाणात आढळले; ज्यांत ते अधिक, त्यांची अवधान व कार्यस्मृतीच्या चाचण्यांतील कामगिरी कमी दिसली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. तथापि उंदरांत तरी गुण आणि दोष यांचे मार्ग भिन्न आहेत, हे निश्चित झाले आहे. वेदनाशामक औषधाचा शोध आता याच भेदाच्या आधारे पुढे जाऊ शकतो.