मांसप्रिय पतीचें ताट

वर्धा जिल्ह्यांतील पुष्कळशा घरांत रविवारची सकाळ मटणाच्या रश्श्याच्या वासानें भरून जाते. आठवडाभर शेतांत, गिरणींत किंवा कचेरींत राबलेला पुरुष त्या एका जेवणाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याच घरांत कित्येकदां अशी गृहिणी असते, कीं जिच्या गळ्यांत तुळशीची माळ आहे, किंवा जी महानुभाव घराण्यांतून आलेली आहे. ती मांस खात नाहीं, परंतु घरधन्यासाठीं तें रांधते. कांहीं घरांत त्यासाठीं भांडीं निराळीं, चूल निराळी, आणि शिजविण्याचें काम अंगणांत पुरुषानेंच करावयाचें, अशी वहिवाट आहे. ही तडजोड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे व तींत भांडण फारसें नाहीं. प्रश्न उभा राहतो तो पतीचें वय पन्नाशीकडे झुकल्यावर. रक्तांतील युरिक ॲसिड वाढतें, पायाचा अंगठा सुजतो, किंवा हृदयाची तपासणी मनासारखी येत नाहीं, आणि डॉक्टर सांगतात कीं मटण कमी करा. सांगणें एका वाक्याचें. तें अमलांत आणण्याचें काम मात्र घरच्या बाईच्या पदरीं पडतें.

येथें बहुतेक घरांत दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे एकदम बंदी. सोमवारपासून मटण नाहीं असा फतवा निघतो. पंधरा दिवस तो पाळला जातो, आणि सोळाव्या दिवशीं पतिराज कुणा मित्राच्या शेतावर किंवा रस्त्याकडेच्या ढाब्यावर जेवून येतात व घरीं आल्यावर आज भूक नाहीं असें सांगतात. दुसरी चूक याहून सौम्य दिसते, पण अधिक नडते. मटणाच्या जागीं ताटांत येतें पातळ वरण, भात आणि दुधीची मिळमिळीत भाजी. हें आजाऱ्याचें जेवण झालें. धडधाकट माणसापुढें तें रोज ठेवलें, कीं आपण रोगी झालों असें त्याला वाटूं लागतें, आणि शाकाहार व आजार यांची त्याच्या मनांत कायमची गांठ बसते.

शिवाय मांसाहार हा कित्येक घरांत केवळ जिभेचा प्रश्न नसतो. ज्यांच्या ताटाकडे पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या नाकें मुरडलीं, त्यांना भाजीपाल्याचा उपदेश हा प्रकृतीचा सल्ला न वाटतां जुन्या अपमानाची आठवण वाटतो. घाण, पाप, तामसी हे शब्द म्हणूनच पत्नीनें या प्रकरणांत उच्चारूं नयेत. डॉक्टरांनीं दिलेलें कारण पुरेसें आहे; त्यांत सोवळेंओवळें मिसळलें, कीं तें कारणही वायां जातें.

पति-पत्नींपैकीं एकानें दुसऱ्याचा आहार कसा बदलावा, याचीं दोन प्रसिद्ध उदाहरणें वर्धा जिल्ह्याला जवळचीं आहेत. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली, आणि मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं हातसडीचा तांदूळ, घाण्याचें तेल, गूळ यांसंबंधींचें कार्य सुरू झालें. १९३५ सालीं गांधीजींनीं तेथें सोयाबीनचा प्रयोगही करून पाहिला. ३० एप्रिल १९३६ रोजीं ते सेगांवास राहावयास गेले. तेंच गांव पुढें १९४० सालीं सेवाग्राम झालें. कस्तुरबांची कुटी तेथें आजही पाहावयास मिळते. आश्रमांतील उकडलेल्या भाज्या आणि कडुनिंबाची चटणी हा कांहीं मांसप्रिय माणसास वळविण्याचा नमुना नव्हे. तें व्रतस्थांचें जेवण होतें. शिकण्यासारखें आहे तें या दांपत्याच्या आपसांतील वागण्यांत, आणि तें दोघांनीं सेवाग्रामास येण्याच्या पुष्कळ पूर्वींचें आहे.

पहिला प्रसंग दक्षिण आफ्रिकेंतील, १९०९ च्या सुमाराचा. कस्तुरबा फार आजारी होत्या. मीठ व डाळ सोडावी असा आग्रह गांधीजींनीं धरला. तेव्हां त्या म्हणाल्या, कीं कुणी सांगितलें तर तुम्हांलाही हें सोडतां येणार नाहीं. गांधीजींनीं तेथल्या तेथें स्वतः दोन्ही पदार्थ एक वर्षापुरते सोडले. कस्तुरबांनीं रडून विनवणी केली. ती त्यांनीं मानली नाहीं. पुढें त्यांनींही मीठ व डाळ सोडली आणि त्यांची प्रकृति सुधारली. गांधीजींनीं आत्मकथेंत या प्रसंगास घरांतील सत्याग्रह म्हटलें आहे. सांगणाऱ्यानें आधीं स्वतः सोडावें, ही त्यांतील बाजू थोर खरी. परंतु पत्नीचे अश्रू पाहतां त्यांत दडपण नव्हतें असें म्हणवत नाहीं. सर्वसाधारण संसारांत या मार्गाचें अनुकरण न केलेलेंच बरें.

दुसरा प्रसंग १९१९ च्या आरंभींचा, मुंबईचा. आतां आजारी होते गांधीजी. दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाहीं असें डॉक्टर सांगत होते, आणि दूध न घेण्याची प्रतिज्ञा गांधीजींनीं पूर्वींच केलेली होती. वादांत डॉक्टर हरले. कस्तुरबा जवळच उभ्या होत्या. त्यांनीं एवढेंच सुचविलें, कीं मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. प्रतिज्ञा करतांना गांधीजींच्या डोळ्यांपुढें गाय व म्हैस होती. त्यांनीं शेळीचें दूध घेतलें. प्रतिज्ञेचें अक्षर राखलें, आत्मा राखला नाहीं, ही रुखरुख त्यांना पुढें लागून राहिली. तरी शेळीचें दूध सेवाग्रामांतही त्यांच्या आहारांत राहिलें. कस्तुरबांनीं प्रतिज्ञेवर टीका केली नाहीं, तिच्या खरेपणाविषयीं वाद घातला नाहीं. नवऱ्यानें स्वतःभोंवतीं जें कुंपण घातलें होतें, त्यांतच एक फट होती. ती त्यांनीं ओळखली.

मांसप्रिय पतीच्या बाबतींत अशी फट कोणती, हें पाहावयाचें तर मटणाच्या जेवणांत माणसास नेमकें काय आवडतें, याची फोड केली पाहिजे. विदर्भांत रश्श्याचा मोठा वांटा मसाल्याचा असतो. तेलांत काळपट होईपर्यंत परतलेला कांदा, भाजलेलें सुकें खोबरें, खसखस, लसूण, दगडफूल, मिरीं, तिखट, आणि समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवची हळद, जिला २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. यांतील एकही जिन्नस प्राण्यापासून आलेला नाहीं. मांस त्यांत तीन गोष्टींची भर घालतें. एक, ग्लुटामेट नांवाच्या द्रव्यामुळें जिभेवर रेंगाळणारी खमंग चव. दुसरी, चरबीचा गुळगुळीतपणा. आणि तिसरी, दातांखालीं येणारा घट्टपणा. दुधीच्या भाजींत या तिन्ही गोष्टी नाहींत, म्हणून ती मटणाची जागा घेऊं शकत नाहीं. इतर शाकाहारी पदार्थांत मात्र त्या सांपडतात. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोंत आणि अळिंबींत भरपूर असतें. चरबीचें काम शेंगदाण्याचा कूट, तीळ व खोबरें करतात. घट्टपणासाठीं कच्चा फणस आहे, सोयाबीनच्या वड्या आहेत, आणि या प्रांताची स्वतःची पातोडी आहे.

पातोडीचा रस्सा हा नागपूर-वर्ध्याकडचा जुना पदार्थ, आणि सावजी खानावळींत तो मटणाच्या बरोबरीनें मिळतो. बेसनांत तिखट, हळद, जिरें, लसूण व कोथिंबीर घालून तें फोडणीच्या पाण्यांत घट्ट पिठल्यासारखें शिजवावयाचें, तेल लावलेल्या ताटांत थापून त्याच्या वड्या कापावयाच्या, आणि मटणाला करतात तोच काळा रस्सा निराळा उकळवून त्यांत ऐन वेळीं त्या सोडावयाच्या. रस्सा झणझणीत व तेलाचा तवंग असलेला हवा. तेल बेताचें असावें हें खरें. पण पहिल्याच दिवशीं तेलही काढलें आणि तिखटही काढलें, तर पातोडीवर विनाकारण ठपका येतो. डाळ-कांदा हाही तसाच भरभक्कम पदार्थ: चण्याची डाळ भिजवून, भरपूर कांद्यांत, डाळ अख्खी राहील अशी शिजविलेली. तो भाकरीबरोबर खाणाऱ्यास मांसाची आठवण सहसा होत नाहीं. सोयाबीनच्या वड्या बहुतेक घरांत बिघडतात, कारण त्या नुसत्या भिजवून रश्श्यांत टाकल्या जातात. त्या उकळत्या पाण्यांत टाकून काढाव्यात, थंड पाण्यांत दोनदां घट्ट पिळाव्यात म्हणजे उग्र वास जातो, नंतर आलें-लसूण व मसाला लावून तेलांत परताव्यात, आणि मगच रश्श्यांत सोडाव्यात.

मात्र हें करतांना फसवणूक करूं नये. खिम्यांत सोयाबीन मिसळून तो निव्वळ खिमा म्हणून वाढण्याची युक्ति कांहीं जणी सांगतात. ती एकदां उघडकीस आली, कीं पुढें ताटांतील प्रत्येक पदार्थाकडे संशयानें पाहिलें जातें. गांधीजींनीं लहानपणीं राजकोटास मित्राच्या नादानें चोरून मांस खाल्लें होतें; तें त्यांनीं सोडलें तें चवीमुळें नव्हे, तर आईवडिलांशीं खोटें बोलावें लागतें म्हणून. चोरून खाणें आणि चोरून खाऊं घालणें यांत फरक तो काय? आज मटणांत अर्धी चण्याची डाळ आणि दुधी आहे, असें सांगून वाढावें. मुसलमानी घरांतील लग्नाच्या जेवणांत दालचा असतो. तो नेमका याच रीतीचा पदार्थ आहे, आणि तो खाणारे मांस कमी पडलें अशी तक्रार करीत नाहींत.

आतां ताकदीचा प्रश्न. भाजीभाकरीनें अंगांत जोर राहात नाहीं, ही तक्रार प्रत्येक घरांत निघते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. शंभर ग्रॅम कच्च्या मटणांत सुमारें २० ग्रॅम प्रथिनें असतात. तितक्याच कोरड्या तूरडाळींत सुमारें २२, शेंगदाण्यांत २५, आणि सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत ५० च्या आसपास. परंतु डाळ कोरडी खात नाहींत. पातळ वरणाच्या वाटींत मुख्यतः पाणी असतें, आणि मटणाची भूक तसल्या एका वाटीनें भागत नाहीं. घट्ट डाळ, उसळ आणि शेंगदाण्याची चटणी एकाच ताटांत आलीं, म्हणजे हिशेब जुळतो. ज्वारींत लायसिन नांवाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, डाळींत तो पुष्कळ असतो. म्हणून भाकरी आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात. पालेभाजींतील लोह मांसांतील लोहाइतकें सहज अंगीं लागत नाहीं. तिच्यावर लिंबू पिळावें किंवा जेवणांत आवळा असावा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊं नये. बी-१२ हें जीवनसत्त्व मात्र वनस्पतींपासून मिळेल असें धरून चालूं नये. मांस पुरतेंच सुटलें तर दूध, दही, अंडीं हवींत, आणि तपासणींत कमतरता दिसल्यास डॉक्टरांकडून औषध घ्यावें. युरिक ॲसिड वाढलेल्यांना डाळी बंद करा असें पुष्कळ जण सांगतात. पण मांसानें, विशेषतः काळीज-गुर्द्यानें, संधिवाताचा जसा धोका वाढतो तसा डाळींनीं वाढत असल्याचें आढळलेलें नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट निराळी. तेथें डाळीचें प्रमाणही डॉक्टरांनींच ठरवावें. डाळी-उसळी एकदम वाढविल्या तर पोट फुगतें, आणि मग दोष शाकाहाराला लागतो; प्रमाण हळूहळू वाढवावें.

आरंभ कधीं करावा हें पंचांगानेंच पुष्कळसें सोपें करून ठेवलें आहे. आषाढी अमावास्येनंतर श्रावणभर अनेक मांसाहारी घरांतही मांस शिजत नाहीं, आणि त्याबद्दल कुणी पत्नीला दोष देत नाहीं. पातोडी, डाळ-कांदा, फणस, सोयाबीन यांची ओळख त्या महिन्यांत करून द्यावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, करीला, मटण होणारच. तें होऊं द्यावें. पातेलें मात्र नेहमींपेक्षां लहान काढावें. पुढच्या रविवारीं दुपारीं पातोडीचा रस्सा, त्याच्या पुढच्या रविवारीं मटण, अशी पाळी पतीशीं बोलून ठरवावी, आणि बाजारांत दोघांनीं मिळून जावें. मटण किती आणावयाचें हें तेथें, तराजूपुढें उभें राहून, त्यानेंच सांगावें.