हरितगृहाचा पडदा आणि विजेची घंटा

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला आठवीत खिळ्याला तार गुंडाळून विजेची घंटा करून दाखविली होती. पुढे जन्मभर मी मराठी शिकविले. घंटेशी संबंध उरला नाही. तो पुन्हा जुळला बेळगावजवळच्या माझ्या पुतण्याच्या लहानशा हरितगृहात.

हरितगृह तापते ते मुख्यतः आतली तापलेली हवा कोंडून राहते म्हणून. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एका खोक्यावर काच आणि दुसऱ्यावर उष्णतेचे किरण सहज बाहेर सोडणारी सैंधवाची पाटी ठेवून पाहिली. दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. तेव्हा बाजूचे पडदे वेळेवर गुंडाळणे हाच खरा उपाय. ढबू मिरचीला दिवसाचा ३२ अंशांपुढचा उष्मा सोसत नाही, फुले गळतात. आमच्या सूनबाई दिवसातून सात-आठ वेळा हँडल फिरवीत. लग्नकार्यालाही दोघांपैकी एकालाच जाता येई.

पुतण्याने गाडीच्या वायपरची जुनी १२ व्होल्टची मोटार पडद्याच्या पाइपला जोडली. एलएम ३५ हा संवेदक दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ०.३० व्होल्ट. तेवढे झाले की रिले ओढला जावा आणि पडदा उघडावा. कमी झाले की मिटावा. योजना सरळ होती. मार्चमधल्या एका ढगाळ दुपारी तिने घात केला. पडदा जरा उघडला की गार झुळूक आत येई, पारा २९.९ वर उतरे, मोटार उलटी फिरे. पुन्हा ३०, पुन्हा सुलटी. अखेर मिटविणाऱ्या रिलेची टोके ठिणग्यांनी वितळून चिकटली आणि पडदा मिटलेलाच राहिला. संध्याकाळी वाफ्यांत फुलांचा सडा होता. एक अख्खा तोडा गेला.

"काका, रिले हलका होता," तो म्हणाला. मला मात्र गुरुजींची घंटा आठवली. तिचा लोलक ओढला जाताच स्वतःचाच प्रवाह तोडतो, सुटताच पुन्हा जोडतो. म्हणूनच ती वाजते. पुतण्याने नकळत घंटाच बांधली होती! दोष रिलेचा नव्हता, एकाच उंबरठ्याचा होता.

आता उंबरठे दोन आहेत: ३० अंशांना उघडणे, २६ ला मिटणे. मधल्या चार अंशांत यंत्राने काहीच करायचे नाही. इंग्रजी ग्रंथ याला हिस्टेरेसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मागे राहणे. आज आर्डुइनो वापरणाऱ्या शाळकरी मुलांनाही हे अंतर राखावेच लागते.

रिलेंची जोडणी मला फार आवडली. मोटारीच्या दोन तारा दोन रिलेंना. विसावलेला रिले आपली तार ऋण ध्रुवाला धरतो, ओढलेला धन ध्रुवाला. चुकून दोन्ही ओढले गेले तरी दोन्ही तारा एकाच ध्रुवावर येतात. मोटार थांबते, बॅटरी शॉर्ट होत नाही. पडद्याच्या दोन्ही टोकांना मोटार थांबविणारा एकेक स्विच आहे आणि त्याला समांतर डायोड, म्हणजे परतीची वाट मोकळी. संवेदक पिकाच्या उंचीवर, सावलीत टांगला आहे. वीज गेली तरी बॅटरी चालते.

हँडल मात्र सूनबाईंनी काढू दिलेले नाही. मोटारीची पिन ओढली की ते अजूनही फिरते.