‘लिंक बायोमध्ये’पर्यंतचा प्रवास

इन्स्टाग्रामवर कुणी दिवाळी अंकाची जाहिरात करो की घरगुती मसाल्यांची, खाली ‘लिंक बायोमध्ये’ हे आलंच. मजकुरात दिलेली लिंक तिथे उघडतच नाही. एकेकाळी मात्र सोशल मीडियावरच्या प्रोफाइलच्या पानावर बाहेरचं वाट्टेल ते आणून लावता येत असे.

मायस्पेस या तेव्हाच्या सोशल नेटवर्कवर तर एचटीएमएल घालायचीही मुभा होती. लोक यूट्यूबचे व्हिडिओ लावत, फोटो-व्हिडिओ साठवणाऱ्या फोटोबकेटवरची चित्रं चिकटवत, पान उघडताच गाणं वाजेल अशी सोय करून ठेवत. पानं दिसायला भीषण असत, पण ती ज्याची त्यानं सजवलेली असत. एप्रिल २००७मध्ये मायस्पेसनं फोटोबकेटचे व्हिडिओ अडवले. भांडण जाहिरातींवरून होतं. पुढच्याच महिन्यात मायस्पेसच्या मालकांनी फोटोबकेट विकत घ्यायचं ठरवलं!

आपल्याकडे तेव्हा ऑर्कुटचं राज्य होतं. स्क्रॅपबुकात रमलेल्या आपल्याला फेसबुकची ओढ जरा उशिरानंच लागली. २४ मे २००७ला फेसबुकनं बाहेरच्या ॲप्सना दार उघडलं आणि प्रोफाइलवर खोक्यांची रांग लागली: वाचलेली पुस्तकं, फिरलेले देश, भविष्य, काय वाटेल ते. पान संपता संपेना. म्हणून २००८च्या नव्या रचनेत ही खोकी ‘बॉक्सेस’ नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये गेली. माळ्यावर टाकलेल्या सामानाकडे कोण फिरकतं? २०१०मध्ये तो टॅबही गेला.

मधल्या काळात फेसबुकचं ‘बीकन’ येऊन गेलं. नोव्हेंबर २००७पासून दुसऱ्या संकेतस्थळांवर केलेली खरेदी नीट न विचारताच मित्रांना दिसू लागली. बायकोसाठी गुपचूप घेतलेल्या अंगठीची बातमी तिच्यापर्यंत पोचल्याचा किस्सा तेव्हा गाजला. खटला झाला, ९५ लाख डॉलरांवर तडजोड झाली आणि २००९मध्ये बीकन बंद पडलं. बाहेरचं काय दाखवायचं हे पानाच्या मालकानं ठरवायचं, एवढी साधी गोष्ट पटायला कोर्ट लागलं.

ही गोष्ट ज्यांना आधीच कळली होती ते फ्रेंडफीडवाले. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचं एका जागी दाखवणारी ही सेवा गूगल सोडून आलेल्या चौघांनी २००७मध्ये सुरू केली. फ्लिकर, डिलिशस, यूट्यूब, ट्विटर, ज्या खात्यांची जोडणी हवी ती तुम्ही निवडायची. पाहणाऱ्यालाही मोकळीक: मित्राचे फोटो हवेत पण ट्वीट नकोत, तर तेवढी लपवता येत. माझ्या मते इतकी शहाणी मांडणी नंतर कुणालाच जमली नाही. ऑगस्ट २००९मध्ये फेसबुकनं ही कंपनी विकत घेतली आणि ९ एप्रिल २०१५ला ती सेवा बंद झाली.

दरम्यान दारं एकेक करून लागत होती. जून २०१२मध्ये ट्वीट लिंक्डइनवर जाणं थांबलं. डिसेंबरात इन्स्टाग्रामचे फोटो ट्विटरवर दिसेनासे झाले. ऑगस्ट २०१८पासून ट्वीट फेसबुक प्रोफाइलवर आपोआप जाईनात. नवी जागा भरायची असते तेव्हा कंपन्यांना बाहेरचा माल हवा असतो. जागा भरली की गिऱ्हाईक बाहेर जाऊ नये एवढीच चिंता.

लिंकट्रीचा धंदा उभा राहिला तो या बंद दारांमुळे. २०१६मध्ये मेलबर्नला सुरू झालेली ही कंपनी बायोतल्या एका लिंकमागे सगळ्या लिंका रचून देते. डिसेंबर २०२२मध्ये ट्विटरनं लिंकट्रीच्याही प्रचारावर बंदी घातली, आणि ओरड होताच लगेच मागे घेतली. एप्रिल २०२३पासून इन्स्टाग्राम बायोत पाच लिंका देऊ देतं. त्यांतली पहिली स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळाची ठेवा. तिथली रचना तरी कुणी रातोरात बदलणार नाही.