सिगारेट ओढणाऱ्याकडून जादा पैसे: ओबामांच्या अमेरिकेतले दोन मार्ग

22 जून 2009 रोजी बराक ओबामा यांनी व्हाइट हाउसच्या बागेत तंबाखू नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. सिगारेटवर देखरेख ठेवण्याचा अधिकार या कायद्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला दिला. बहुतेकांना हे व्यसन अठराव्या वर्षापर्यंतच लागतं आणि आपणही अशाच मुलांपैकी एक होतो, असं ओबामांनी त्या वेळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी त्यांना सवयीबद्दल छेडलं. रोज ओढत नाही, मुलींसमोर तर कधीच नाही, पंचाण्णव टक्के बरा झालो आहे, पण अधूनमधून पाय घसरतो, असं त्यांनी कबूल केलं.

धूम्रपान करणाऱ्यांकडून जास्त पैसे घेण्याचे दोन मार्ग याच अध्यक्षाच्या सहीने अमलात आले. एक म्हणजे पाकिटावरचा कर आणि दुसरा म्हणजे आरोग्यविम्याचा वाढीव हप्ता. दोन्हींत पैसे त्याच माणसाच्या खिशातून जातात, पण त्यांची रीत वेगळी आहे आणि परिणाम तर फारच वेगळे.

पाकिटावरचा कर

पदाची शपथ घेतल्यावर पंधरा दिवसांनी, 4 फेब्रुवारी 2009 रोजी, ओबामांनी मुलांच्या आरोग्यविम्याची सरकारी योजना वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यासाठीचा पैसा तंबाखूवरच्या करातून यायचा होता. वीस सिगारेटच्या पाकिटावरचा केंद्रीय कर 39 सेंट होता, तो 1 एप्रिलपासून 1 डॉलर 1 सेंट झाला. राज्यांचे कर त्याखेरीज.

हा कर कंपनी भरते आणि किमतीत चढवून गिऱ्हाइकाकडून वसूल करते. त्यामुळे तो प्रत्येक खरेदीला जाणवतो. आज पाकीट घेतलं नाही तर आजच पैसे वाचतात. श्रीमंत देशांत सिगारेटची किंमत 10 टक्क्यांनी वाढली की खप साधारण 4 टक्क्यांनी घटतो, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. शाळकरी मुलांवर त्याचा परिणाम आणखी जास्त होतो, कारण त्यांच्या हातात पैसे कमी असतात आणि सवयही पुरती जडलेली नसते.

मात्र कर सगळीकडे सारखा नसला की पळवाट निघते. हाताने सिगारेट वळण्यासाठी मिळणाऱ्या सुट्या तंबाखूवरचा कर पौंडामागे सुमारे 1 डॉलर 10 सेंटवरून थेट 24 डॉलर 78 सेंटवर गेला. पाइपच्या तंबाखूवर मात्र तो 2 डॉलर 83 सेंटच ठेवला गेला. मग उत्पादकांनी वळायच्या तंबाखूवर ‘पाइपची तंबाखू’ असं लेबल लावलं आणि तिचा खप एकाएकी वाढला. भारतातही 2017 साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर 28 टक्क्यांच्या वर भरपाई उपकर बसला, बिडीवर तो बसला नाही. स्वस्त पर्याय मोकळा राहिला की माणूस तंबाखू सोडण्याऐवजी तिकडे वळतो.

विम्याचा वाढीव हप्ता

दुसरा मार्ग 23 मार्च 2010च्या आरोग्यविमा कायद्यातून, म्हणजे ‘ओबामाकेअर’मधून आला. 2014पासून, स्वतः विमा घेणाऱ्यांना आणि छोट्या कंपन्यांतल्या कामगारांना जुन्या आजारासाठी जादा हप्ता लावायला बंदी झाली. मधुमेह असो की कर्करोग, हप्ता तोच. हप्ता ठरवायला चारच गोष्टी उरल्या: वय, राहण्याचा भाग, विमा एकट्याचा की कुटुंबाचा, आणि तंबाखू. तंबाखूसाठी दीडपट हप्ता घेण्याची मुभा विमा कंपनीला मिळाली.

गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा तंबाखू घेतली असेल, तर ती व्यक्ती या नियमात येते. धार्मिक विधीतला वापर मोजत नाहीत. यात फक्त सिगारेट नाही, चघळायची तंबाखूही धरली जाते. म्हणून अमेरिकेत स्वतःचा विमा घेणाऱ्या मराठी माणसाने रोज तंबाखू मळून खाल्ली, तर अर्जातल्या त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच द्यावं लागतं. खोटं सांगितलेलं उघड झालं तर कंपनी फरक मागे जाऊन वसूल करू शकते, मात्र त्या कारणावरून विमा रद्द करू शकत नाही.

खरी मेख सरकारी मदतीत आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हप्त्यासाठी सरकार मदत देतं, पण ती तंबाखू न घेणाऱ्याच्या हप्त्यावरून ठरते. जादा रकमेला मदत लागू होत नाही. समजा, मूळ हप्ता महिना 400 डॉलर आहे आणि त्यात सरकारी मदत 300 डॉलर आहे. तंबाखू न घेणारा 100 डॉलर भरेल. तेवढंच उत्पन्न असलेल्या धूम्रपान करणाऱ्याचा हप्ता 600 होईल, मदत 300चीच राहील आणि त्याला 300 डॉलर भरावे लागतील. कायद्यात दीडपट लिहिलेला आकडा गरिबाच्या खिशाला असा तिप्पट बसतो.

कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी हा जादा हप्ता घ्यायला मनाई केली. जिथे तो घेतला जातो तिथला परिणाम तपासणारा अभ्यास 2016 साली ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आला. जादा हप्त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये विमा घेण्याचं प्रमाण घटलं, व्यसन सोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही, असं त्यात दिसलं.

हे असं का झालं, याचं उत्तर त्याच कायद्यात आहे. तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन आणि औषधं जादा पैसे न घेता द्यावीत, असा नियम नव्या विमायोजनांना त्यानेच घातला. पण विमाच परवडला नाही, तर त्या माणसाला ही मदत मिळणार कुठून? शिवाय कर रोज जाणवतो, तर हप्ता वर्षासाठी एकदा ठरतो. आज सिगारेट टाळली म्हणून तो उद्या कमी होत नाही.

सुटण्यासाठी काय लागतं

ओबामांनी 2007 साली निवडणुकीत उतरताना पत्नी मिशेल यांना सिगारेट सोडण्याचा शब्द दिला आणि निकोटिनचं च्युइंगगम सुरू केलं. 2010च्या तपासणीनंतरही, सोडण्याचे प्रयत्न चालू ठेवा, असं डॉक्टरांना अहवालात लिहावं लागलं. 2011च्या अहवालात ते तंबाखूमुक्त असल्याची नोंद आली. घरचा धाक, हाताशी डॉक्टर, निकोटिनचा पर्याय हे सगळं असूनही चार वर्षं गेली. व्यसन नुसत्या इच्छेने सुटत नाही, त्याला सोबत आणि औषध लागतं, हे यावरून मला पुरेपूर पटतं.

म्हणून असं कुठलंही धोरण समोर आलं की तीन गोष्टी तपासाव्यात. पैसे तंबाखू विकत घेताना लागतात की उपचार मिळवताना? स्वस्त पर्यायावरही तेवढाच भार आहे का? आणि जमा झालेल्या पैशातून सोडू पाहणाऱ्याला मदत मिळते का? तंबाखू महाग करावी, जरूर करावी. तिच्या विळख्यात सापडलेल्या माणसाचा उपचार मात्र कधीही महाग करू नये.